पक्ष्यांची शिरगणती करणारे फ्रँक चॅपमन

नाताळची सुटी लागली कीं आमचे विद्यार्थी कोणी आजोळीं, कोणी आपल्या गांवीं जातात आणि फराळ व भेटीगांठी यांत ते दिवस भुर्रकन् निघून जातात. याच दिवसांत अमेरिकेंत व कॅनडांत हजारों स्त्रीपुरुष कडाक्याच्या थंडींत, गळ्यांत दुर्बीण व खिशांत टिपणवही घालून भल्या पहांटे घराबाहेर पडतात आणि पांखरें मोजतात. त्यांस याबद्दल कोणी दमडीही देत नाहीं. ज्या गृहस्थांनीं हा प्रघात पाडला, त्यांचें चरित्र यंदा आम्हीं वाचकांकरितां लिहावयास घेतलें आहे.

फ्रँक चॅपमन यांचा जन्म १२ जून १८६४ रोजीं न्यू जर्सी संस्थानांत, एंगलवुड येथें झाला. न्यूयॉर्क शहर तेथून जवळच. तरी त्या काळीं गांवाभोंवतीं शेतें व रानें होतीं, आणि तींच या मुलाची खरी शाळा. पुस्तकी शाळा १८८० सालीं संपली. महाविद्यालयाचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं. त्याच वर्षीं ते न्यूयॉर्कच्या एका पेढींत कारकून झाले. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीनें मुलगा मार्गीं लागला! परंतु १८८४ च्या वसंतांत एक निमित्त घडलें. नुकत्याच स्थापन झालेल्या अमेरिकन पक्षिविद्या संघास प्रवासी पक्ष्यांच्या आगमनाच्या नोंदी हव्या होत्या, व त्यासाठीं त्यानें स्वयंसेवक मागविले होते. चॅपमन यांनीं आपलें नांव कळविलें. रोज उजाडतांच रानांत जावें, दिसेल तें टिपावें, आणि मग कपडे बदलून कचेरीची गाडी गांठावी, असा क्रम त्यांनीं चालविला. अटलांटिक किनाऱ्याच्या विभागांतून आलेल्या टिपणांत त्यांचें टिपण उत्कृष्ट ठरलें. दोनच वर्षांनीं त्यांनीं पेढी सोडली. बढतीची वाट सोडून पांखरांमागें जाणारा तरुण पाहून शेजारीपाजारी काय बोलले असतील, याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करतां येईल.

त्याच १८८६ सालची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळीं पिसांनीं, पंखांनीं, किंबहुना भुसा भरलेल्या अख्ख्या पांखरांनीं सजविलेल्या टोप्या घालण्याची तिकडील स्त्रियांस मोठी हौस होती. चॅपमन दोन दिवस तिसऱ्या प्रहरीं न्यूयॉर्कच्या बाजारपेठेंतून फिरले व समोरून येणाऱ्या बायकांच्या टोप्या मोजूं लागले. ७०० टोप्या मोजल्या. त्यांपैकीं ५४२ टोप्यांवर पिसें होतीं. रानांत पक्षी ओळखण्याची संवय येथें कामीं आली. सुतार, लावे, समुद्रकांठचे सुरय अशा सुमारें ४० जाती त्यांनीं त्या टोप्यांवर ओळखल्या, आणि ती यादी एका शिकारविषयक नियतकालिकाकडे धाडून दिली. तींत शिव्याशाप नव्हते, नुसते आंकडे होते. आणि आमच्या मतें म्हणूनच ती बोंचली.

१८८८ सालीं ते न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत साहाय्यक म्हणून लागले व पुढें तेथील पक्षिविभागाचे प्रमुख झाले. १८९९ त त्यांनीं ‘बर्ड-लोर’ नांवाचें नियतकालिक काढलें. त्या वेळीं नाताळांत एक विलक्षण खेळ चाले. गांवचे लोक दोन तट पाडून बंदुका घेऊन निघत, समोर येईल तें पांखरूं वा जनावर मारीत, आणि ज्या तटाचा ढीग मोठा त्याची जीत होई. शांतिदात्या प्रभूच्या जन्मदिवशीं हा खेळ! चॅपमन यांनीं त्याचा नुसता निषेध केला नाहीं. रानांत जाण्याची हौस व चढाओढीची गोडी त्यांनीं तशीच राहूं दिली. हातांतील बंदूक तेवढी काढून पेन्सिल दिली. दिसलेले पक्षी मोजावे, वेळ व हवामान लिहावें आणि यादी आपणांकडे धाडावी, असें त्यांनीं वाचकांस सुचविलें. २५ डिसेंबर १९०० रोजीं २७ जणांनीं, टोराँटोपासून कॅलिफोर्नियांतील पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत २५ ठिकाणीं, सुमारें ९० जातींचे १८,५०० पक्षी मोजले. एंगलवुडची यादी खुद्द चॅपमन यांची होती.

आतां ही गणना १४ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत चालते. १५ मैल व्यासाचें एक वर्तुळ आंखून त्यांत एका दिवसांत दिसलेला प्रत्येक पक्षी मोजतात. घराच्या खिडकींत बसून दाणे टिपावयास आलेलीं पांखरें मोजणाऱ्या आजीबाईंचाही आंकडा त्यांत धरला जातो. एका वर्षाच्या यादीचें मोल थोडें. पण तेंच वर्तुळ वर्षानुवर्षें मोजलें कीं कोण वाढलें, कोण घटलें हें कळूं लागतें. १९७० पासून उत्तर अमेरिकेंतील पक्षी सुमारें २९० कोटींनीं घटले, असें शास्त्रज्ञांनीं २०१९ त दाखविलें. त्यांच्या आधारांत या नाताळी वह्याही होत्या. आपल्या देशांतही १९८७ पासून जानेवारींत जलाशयांवरील पाणपक्ष्यांची अशीच गणना होत आली आहे.

चॅपमन यांस साधुपुरुष ठरविण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. संग्रहालयासाठीं त्यांनीं स्वतः पुष्कळ पक्षी मारले. १८८९ सालीं फ्लॉरिडांतील सेबॅस्टियन नदीकांठीं त्यांस हिरवे, पिंवळ्या डोक्याचे कॅरोलिना पोपट आढळले. ही जात तेव्हांच विरळ झाली होती; तरी त्यांनीं त्यांतले कित्येक टिपले. पिंजऱ्यांतील शेवटचा कॅरोलिना पोपट १९१८ सालीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. शास्त्राची गरज म्हणून ही गोष्ट झांकून टाकणें आम्हांस रुचत नाहीं.

त्याच किनाऱ्यावर पाणकोळी पक्ष्यांचें एक लहानसें बेट आहे, पेलिकन आयलंड. १८९८ सालीं लग्न झाल्यावर चॅपमन पत्नीसह तेथें गेले. शिकारी हें बेट ओसाड करतील हें पाहून त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे गाऱ्हाणें नेलें, व १४ मार्च १९०३ रोजीं तें बेट पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. तेथील पहारेकऱ्यास दरमहा एक डॉलर वेतन मिळे.

१९४२ सालीं चॅपमन संग्रहालयांतून निवृत्त झाले. १५ नोव्हेंबर १९४५ रोजीं न्यूयॉर्क येथें ते वारले. नाताळ जेमतेम सहा आठवड्यांवर आला होता. मोजणारांनीं आपल्या वह्या काढल्या, आणि त्या वर्षींची गणना नेहमींप्रमाणें झाली.