व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे

जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी आपल्या रायगड जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे स्मरण करणे उचित होईल. यशवंतरावांचा जन्म १९२१ सालचा, माणगाव तालुक्यातील पळसगावचा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशिनगनने त्यांच्या तुकडीतील सारे जवान ठार वा जायबंदी केले. उरले एकटे यशवंतराव. ते तसेच धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपले. पुन्हा गोळ्या भरण्यास सवड नव्हती, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळविले. तोच लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून ते धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. राज्य इंग्रजांचे होते हे खरे, परंतु मर्दुमकी कोकणच्या मातीची होती!

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. त्या माउलीच्या हाती पदक आले, अस्थी आल्या नाहीत. इटलीतही त्यांची समाधी नाही; कॅसिनो येथील स्मारकावर नाव तेवढे कोरलेले आहे. माणगावास त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली त्याच टायबर खोऱ्यातील माँटोने गावी त्यांच्या नावे सूर्यघटिका उभारण्यात आली.