मार्कशीटवरचं नाव

आपल्या मार्कशीटवर सर्वांत वर एक नाव छापलेलं असतं. आपण ते न वाचताच खाली एटीकेटी शोधतो. अमरावती विद्यापीठाला २००५ साली संत गाडगेबाबांचं नाव दिलं गेलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे गाडगेबाबा म्हणजे फॅन्सी ड्रेसमधला झाडूवाला मुलगा, एवढंच माझं ज्ञान!

मागच्या सेमिस्टरला सबमिशन संपल्याची पार्टी झाली. पैज लावून एक मित्र तासाभरात इतका प्यायला की जागेवरच आडवा. झोपेल, उतरेल, असं म्हणून आम्ही लाइट बंद करणार होतो. एका सिनिअरने अडवलं, म्हणून तो वाचला. दवाखान्यात कळलं की लिव्हर आपल्या ठराविक वेगानेच दारू काढतं. टाकीत पाणी यायचा पाइप मोठा अन् जायचा बारीक, तशी गत. माणूस झोपला तरी पोटातली दारू रक्तात चढतच असते, आणि बेशुद्धीत उताण्या माणसाची उलटी श्वासनळीत गेली की खेळ खलास. त्यानंतरच लायब्ररीत बाबांचं चरित्र हाती आलं.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, घर परिटाचं. त्या काळी देवाच्या नावाने बकरा कापायचा आणि भाऊबंदांना दारू पाजायची, ही रीतच होती. म्हणजे आपली पार्टीच, फक्त निमित्त देवाचं. झिंगराजी अशा संगतीत प्यायले आणि १८८४ साली दारूनेच गेले. डेबू आठ वर्षांचा होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. तिथे त्याने मामाची गुरं राखली, शेती केली. शाळा नाहीच.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला रिवाजाप्रमाणे मटण अन् दारू हवी होती. डेबूजींनी पंगतीत गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद नाराज झाले. मला तर घर सोडण्यापेक्षा हेच जास्त अवघड वाटतं. घर सोडल्यावर कोणी ओळखीचं नसतं, इथे तर अख्खी पंगत आपल्याकडेच बघत असते. आमच्या रूमवर साधं थम्स अप मागितलं तरी किती हसतात!

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. एका हातात झाडू, दुसऱ्यात गाडगं. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत : कर्ज कशाला काढता, बकरं कशाला कापता, दारू कशाला पिता? उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, मुंबईला धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण स्वतःसाठी त्यांनी झोपडीही ठेवली नाही.

२० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच बाबा गेले.