संपादक कुर्बान हुसेन

दर वर्षी १२ जानेवारीला सोलापुरातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना पुष्पहार अर्पण केले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेन यांचे हौतात्म्य शहराच्या स्मरणात आहे. मात्र ते एका स्थानिक पत्राचे संपादक होते, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

त्यांचा जन्म १९१० चा. जेमतेम विशी ओलांडलेले हे आयुष्य गिरणगावात गेले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे कामगार येथे एकाच भोंग्यावर कामाला जात. त्यांची संघटना बांधावी आणि हिंदू-मुसलमानांत ऐक्य राखावे, यासाठी कुर्बान हुसेन झटले आणि त्याच ध्यासातून त्यांनी 'गझनफर' हे पत्र चालविले. गझनफर म्हणजे सिंह. अशा पत्राची आर्थिक ऐपत ती कितीशी असणार? परंतु ज्यांच्याविषयी लिहावयाचे, त्यांच्यातच संपादकाचा वावर होता. हेच त्या पत्राचे खरे भांडवल.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला. १२ मेपासून जूनअखेर शहर लष्करी कायद्याखाली राहिले. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांवर खटला भरण्यात आला. तो लेखनाबद्दलचा खटला नव्हता, हे खरे. पण त्याच काळात 'कर्मयोगी'चे संपादक रामचंद्र शंकर राजवाडे यांनाही कारावासाची शिक्षा झाली. हाती सैन्य असलेल्या राजवटीलाही एका शहरापुरत्या पत्राची उपेक्षा करता आली नाही.

आज अशा पत्रांना बंदीहुकुमाची भीती नाही. त्यांचा जमाखर्चच जुळत नाही. कागद महागला, वर्गणीदार घटले, जाहिराती मोबाइलकडे वळल्या. ही हानी केवळ मालकाची आहे काय? अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जेथे स्थानिक वृत्तपत्रे बंद पडली, तेथील नगरपालिकांना कर्जावर अधिक व्याज मोजावे लागले. कारभारावर नजर ठेवणारे कोणी उरले नाही, की त्याची किंमत अखेर करदात्यालाच चुकवावी लागते. उजनीचे पाणी नळाला किती दिवसांआड येते, अंदाजपत्रकातील रक्कम कोठे खर्ची पडते, हे मुंबई-पुण्याच्या पत्रांनी रोज विचारावे, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. ते विचारणारा माणूस गावातच असावा लागतो.

वर्षातून एकदा पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. संपादक कुर्बान हुसेन यांचे स्मरण करावयाचे, तर गावच्या पत्राची वर्गणी भरावी, ते चिकित्सेने वाचावे आणि चुकले तर त्याला जाबही विचारावा.