तुकोबारायांच्या घरचा जमाखर्च

तुकोबारायांचा संसार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात रंगलेले महाराज, आणि खाली देहूत चुलीपाशी करवादणारी आवली. कीर्तनात आवलीचा प्रसंग निघाला की मंडळी खदखदून हसतात आणि बुवा पुढच्या पदाकडे वळतात. आज आम्ही तेथेच थोडे थांबणार आहोत. त्या घरात पैसा कसा येत होता, कसा जात होता आणि दोहोंचा मेळ कोण घालीत होते, एवढेच पाहायचे आहे.

हे पाहण्याचे कारण उघड आहे. आपण वारकरी बहुतेक शेतकरी, मजूर, कारागीर, नाहीतर लहान दुकानदार. महिन्याच्या महिन्याला ठराविक पगार आपल्यातल्या थोड्यांच्याच घरी येतो. सुगी झाली, माल विकला, की कनवटीला चार पैसे खुळखुळतात आणि हात सैल सुटतो. मग ज्येष्ठ उजाडला की बियाणे, मुलांच्या वह्या आणि पंढरीची वाट सगळे एकदम पुढे येते, आणि डबा उघडावा तर आत काही नाही! हे दुखणे देहूच्या मोरे घराण्यालाही चुकले नव्हते.

महाराजांचा जन्म शके १५३० चा, म्हणजे इ.स. १६०८ चा, असे बहुधा मानतात. घराणे कुणब्याचे, धंदा वाण्याचा. घरी शेती होती, बाजारात दुकान होते, पेठेची महाजनकी होती आणि देवघेवीची सावकारीही होती. पूर्वज विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी चालत आलेली. वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांनी हा सारा पसारा नीट सांभाळला. थोरला मुलगा सावजी पहिल्यापासून विरक्त. म्हणून तेराव्या वर्षाच्या सुमारास तुकोबांच्या हाती चोपड्या आल्या. या वयात आपली मुले शाळेत असतात. तुकोबा मात्र मापे, गोण्या, खते आणि व्याजाचे आकडे सांभाळीत होते, आणि चांगले सांभाळीत होते.

पण या श्रीमंतीची घडण कशी होती ते बघा. वाण्याचे धन पेटीत फारसे नसते, ते लोकांच्या घरी असते. कुणाला बियाणे दिलेले, कुणाला लग्नाला रक्कम दिलेली, कुणाकडे वाणसौद्याची उधारी राहिलेली. सुगीला कुळाच्या खळ्यावर रास पडली तर सावकाराचे येणे येणार. म्हणजे सावकाराची कमाईदेखील पावसावरच! चोपडीत आकडा भरभक्कम दिसतो, पण तो आकडा शिजवून खाता येत नाही.

सतराव्या-अठराव्या वर्षी आईबाप गेले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. घरी दोन बायका, लहान भाऊ कान्होबा, मूल, गुरेढोरे. थोरल्या रखुमाबाईंना दम्याचा विकार, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकारांची कन्या जिजाई ही दुसरी करून आणलेली. तिलाच लोक आवली म्हणत. सावकाराची लेक असल्याने येणे-देणे म्हणजे काय, हे तिला माहेरीच कळले होते.

इ.स. १६२९ पासून पाऊस रुसला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. खळी ओस पडली. कुळे परागंदा झाली, काही मेली. येणे बुडाले, आणि ज्यांचे देणे होते ते मात्र दारात येऊन बसले. दिवाळे निघाले, पत गेली. रखुमाबाई अन्न अन्न करीत गेल्या, पाठोपाठ लहानगा संतू गेला. महाराजांनी आपल्या अभंगांत ही लाज आणि हे दुःख काही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. धंद्यात खोट येत गेली हेही त्यांनी लपवले नाही.

महिपतीबाबांनी भक्तलीलामृतात, इ.स. १७७४ च्या ग्रंथात, पुढच्या हकिकती सांगितल्या आहेत. सासर आणि स्नेही यांच्या मदतीने तुकोबांनी पुन्हा धंदा मांडून पाहिला. मिरच्या घेऊन कोकणात गेले, तर भोळा वाणी पाहून लोकांनी स्वतःच्या हाताने मापे भरून नेली. परत येताना एका भामट्याने मुलामा दिलेले पितळी कडे सोन्याचे म्हणून गळ्यात मारले. शेवटी जिजाईने आपल्या नावाने खत लिहून दिले आणि दोनशे रुपये कर्जाऊ आणले. तुकोबांनी मीठ भरले, ते विकले आणि दोनशेचे अडीचशे केले. पण वाटेत देण्यापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला. त्याचे हाल पाहून महाराजांना राहवले नाही. त्यांनी सगळी रक्कम त्याच्या पदरात घातली आणि रिकाम्या हाताने घरी आले.

ही गोष्ट आपण महाराजांच्या दयेची म्हणून सांगतो. तशी ती आहेच. पण जरा जिजाईच्या उंबऱ्यावर उभे राहून तीच गोष्ट ऐका. खतावर नाव तिचे. दोनशे रुपये तर गेलेच, वर व्याज चढू लागले. उद्या सावकाराचा माणूस येईल तो तिच्याकडे येईल. तुकोबा विठ्ठलापाशी बसतील. चूल मात्र तिलाच पेटवायची आहे. मग तिने आकांत केला तर नवल कसले? उसाचा भारा घेऊन येताना मुलांनी हात पसरले आणि घरी एकच कांडे पोचले, वाळत घातलेले लुगडे दारी आलेल्या बाईला देऊन टाकले, अशा ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्या सगळ्यांचा खर्च जिजाईच्या खाती पडला आहे. एवढे असूनही ही माउली भाकरी बांधून रोज डोंगर चढत होती आणि महाराजांना जेवू घातल्यावाचून स्वतः घास घेत नव्हती. तिच्या पायात काटा मोडला तो पांडुरंगाने काढला, असे आपण श्रद्धेने सांगतो. देवाने हात लावला तो त्या कष्टाच्या पायाला, हे ध्यानात ठेवावे.

आता खतांचा प्रसंग. महाराज भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले होते. कान्होबा शोधीत गेले आणि दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. वडिलांच्या वेळेपासूनची सारी खते तेथे आणविली. येणे वसूल करीत बसलो तर मनाची ओढाताण संपणार नाही, आणि दुष्काळात नागवलेल्या कुळांना पिळायचे तरी काय, म्हणून ती बुडवायची असे महाराजांनी ठरविले. पण बुडविण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. खतांचे दोन वाटे केले. निम्मी कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात सोडली.

आम्हाला या प्रसंगात सगळ्यात मोलाचे वाटते ते हे दोन वाटे करणे. वैराग्याच्या भरात सगळीच खते पाण्यात गेली असती तर कोण विचारणार होते? पण कान्होबांना संसार करायचा होता. भावाच्या हक्काचे ते भावाला, मग आपल्या हक्काचे इंद्रायणीला. एवढा मोठा त्याग करतानाही हिशेब चुकला नाही. मिठाच्या फेरीत देताना जिजाईच्या खताचा विचार मागे पडला होता. खते बुडविताना कान्होबांचा वाटा आधी बाजूला निघाला.

आणखी एक पाहा. हात मोकळा करण्याबरोबर महाराजांनी आपल्या गरजाही आवरल्या. पुढे काशी, भागीरथी आणि गंगा या मुली लग्नाच्या झाल्या. जिजाईच्या जिवाला घोर लागला, कारण लग्न म्हटले की कर्ज ठरलेले. महिपतीबाबा सांगतात की महाराज बाहेर पडले, खेळणाऱ्या पोरांतून आपल्या जातीची तीन मुले घरी आणली, हळद लावली आणि लग्ने उरकली. ना मानपान, ना जेवणावळी. मुलांच्या आईबापांनाही आनंदच झाला. शिवाजीमहाराजांनी पाठविलेला नजराणा त्यांनी परत केला, असेही चरित्रकार सांगतात. देताना ज्याचा हात सैल, त्याचा घेताना आणि मिरवताना किती आखडता होता!

आमचे नेमके इथेच चुकते. आपण तुकोबांचा सैल हात उचलतो आणि त्यांची मिताची राहणी डोंगरावरच ठेवून येतो. कांद्याला भाव आला की सप्त्याला मोठी पंगत, पोराच्या लग्नाला मांडव, नवे धोतर, नवी गाडी. लोक वाहवा करतात. भाव पडला की वाण्याची उधारी आणि सोसायटीचा हप्ता घरच्या बाईने निभवायचा. याला दानधर्म म्हणू नये. सचोटीने मिळवावे आणि खर्चताना धनात जीव गुंतवू नये, असे महाराजांनी गृहस्थाला शिकविले. उधळावे असे कुठेही शिकविले नाही.

तेव्हा इंद्रायणीकाठची ती वाटणी आपण घरी आणावी. पैसा हाती येईल त्याच दिवशी, गावात वार्ता फुटण्याआधी, त्याचे वाटे करावेत. पहिला वाटा देणेकऱ्यांचा, तो आपला नव्हेच. दुसरा बियाण्याचा आणि वर्षाच्या धान्याचा. तिसरा वीज, शाळा, औषध अशा ठरल्या वेळी येणाऱ्या खर्चाचा. बारा महिन्यांचा अंदाज एकदाच करून तो वेगळा बांधावा. अंदाज करताना चांगले साल धरू नये, पडते साल धरावे. चौथा वारीचा, तो गाडग्यात टाकून तोंड बांधावे, म्हणजे पंढरीला जायला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. एवढे करून जे उरेल ते खुशाल द्यावे, मोकळ्या मनाने द्यावे. आणि ज्याला आपला हात सैल आहे हे ठाऊक आहे, त्याने पहिले तीन वाटे स्वतःजवळ ठेवूच नयेत. घरच्या लक्ष्मीच्या हाती द्यावेत आणि परत मागू नयेत. जिजाईला विचारल्यावाचून जिजाईच्या नावाचे खर्चू नये, एवढे जरी पाळले तरी पुष्कळ घरांतली भांडणे मिटतील.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ.स. १६५० मध्ये, महाराज वैकुंठाला गेले. तेव्हा धाकटे नारायणबाबा जिजाईच्या पोटात होते. मागे धन नव्हते, सावकारीची खते नव्हती. त्या माउलीने मुले वाढविली. पुढे त्याच नारायणबाबांनी इ.स. १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, आणि त्या पालखीबरोबर आपण आजही चालतो. पालखीपुढे ज्ञानोबा-तुकारामांचा गजर करताना, ज्या माउलीने त्या घरची चूल विझू दिली नाही तिला मनातल्या मनात एक नमस्कार घालावा, आणि घरी परतलो की आपल्या घरच्या आवलीजवळ बसून वर्षाचा हिशेब मांडावा.

रामकृष्णहरी.