बाप्तिस्मा घेतला, हुकूम नाही

परभणीहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं ‘मुक्ती मिशन’ तिथलंच. त्यांच्या आश्रमाबद्दल आपण शाळेत वाचलंय. पण धर्माच्या अधिकाऱ्यांशी त्या कशा भांडल्या, हे फारसं कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून पंडितांनी त्यांना जाब विचारला होता. पुढे दुष्काळात आई-वडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये लग्न झालं, १८८२ मध्ये पती गेले. पदरात तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबरला वाँटेज इथं मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब उडाला. पण खरी परीक्षा तिकडेच होती.

त्या जोगिणींच्या पंथाचं म्हणणं असं, की बिशपांची परंपरा थेट ख्रिस्ताच्या शिष्यांपासून चालत आलेली. तिच्यातून दीक्षा मिळालेला पाद्रीच खरा. म्हणून त्याचं ऐकायचं. रमाबाईंना हे पटेना. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचं जू मानेवर का घ्यायचं? धर्म त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकारला होता, बिशपांची सत्ता नव्हे. आपल्याला न पटलेली शिकवण मनोरमेलाही देऊ नका, असं त्यांनी सिस्टर जेराल्डिनना बजावलं. त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार म्हटल्यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. परक्या मुलखात, त्याच लोकांच्या आधारावर राहून हा वाद घालायला केवढी छाती लागली असेल!

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ काढलं. ते पुढे पुण्याला आलं. मुली ख्रिस्ताकडे वळतात म्हणून १८९३ मध्ये इथले सुधारकही दूर झाले. तरी काम थांबलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या कितीतरी मुलींना केडगावात आसरा मिळाला. तिथं प्रार्थना होती, पण कुठल्या एका पंथाची पाटी नव्हती. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं. ते छापलं आश्रमातल्या बायकांनीच. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

त्यांचा धर्म आपला असो-नसो. पण देव आणि आपण यांच्यामध्ये कोण उभं राहणार, हे बाईनं स्वतः ठरवावं, एवढं तरी त्यांच्याकडून घ्यायला काय हरकत आहे?