पंडिता रमाबाई : भरवसा कोणावर?



यशयाच्या ग्रंथाच्या ४४ व्या अध्यायात एक सुतार आहे. तो झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकर भाजतो, उरलेल्याची मूर्ती करतो आणि तिलाच तारणासाठी विनवतो. तो अध्याय वाचताना आम्हांला पंडिता रमाबाई आठवतात. हा प्रश्न त्यांनी ग्रंथात वाचण्याआधी उपाशीपोटी भोगला होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवले, आईने ते रमाबाईंना दिले. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. दुष्काळ आला तेव्हा जवळचे द्रव्य देवाधर्मात संपले. उपास झाले, स्नाने झाली. देव काही देईल म्हणून वाट पाहिली. वडील, आई व थोरली बहीण दगावली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण जुना भरवसा उडाला होता.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यांचे घर झाले. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांचे जीवन आपल्याला बरेच शिकवते. मूर्ती माणूस घडवतो, म्हणून ती त्याच्या मुठीत राहते. परमेश्वर कोणाच्या मुठीत येत नाही. संदेष्ट्यांनी हे मुख्यतः स्वतःच्याच लोकांना सुनावले. सोन्याचे वासरू इस्राएलनेच ओतले होते. म्हणून शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण नोव्हेना करतो, मेणबत्ती लावतो आणि काम झाले नाही की देवावर रुसतो. मग तो देव, की आपण घडवलेली मूर्ती? कामतघरात लूम बंद पडले की घरात चूल पेटण्याची चिंता असते, हे आम्ही जाणतो. त्या दिवसांत जरूर मागा, पण सौदा करू नका. आणि शेजारच्या घरी चूल पेटली की नाही, हे आधी पाहा. केडगावात रमाबाईंनी तेच केले.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.