दादोबा पांडुरंग : नामांचा विचार आणि नगरचे दिवस

इंग्रजीत विशेषनामाचे आद्याक्षर मोठे लिहिले जाते. त्यामुळे ते डोळ्यांनाच ओळखता येते. देवनागरीत ही सोय नाही. म्हणून मराठीत सामान्यनाम व विशेषनाम यांतील भेद अर्थावरून आणि शब्दाच्या रूपावरून ओळखावा लागतो. मराठीचे असे नियम शोधून मांडणाऱ्यांत अग्रणी म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांना मराठीचे पाणिनी म्हटले जाते.

त्यांचा जन्म 1814 साली मुंबईत झाला. वसईजवळच्या तर्खड या गावावरून घराण्याला आडनाव मिळाले; तथापि ते ओळखले गेले स्वतःच्या व वडिलांच्या नावाने. 1836 साली त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. इंग्रजी व संस्कृत व्याकरणांची चौकट समोर होती. मात्र तिच्यात मराठी बसवताना मराठीची स्वतःची रूपे तपासणे अपरिहार्य होते.

पुढे ते सुरतेस शिक्षक झाले. तेथे 1844 साली स्थापन झालेल्या मानवधर्म सभेत त्यांचा पुढाकार होता. 1849 च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचेही ते प्रेरक होते. जातिभेद न मानणारी ही सभा गुप्तपणे चाले. मनुष्य या सामान्यनामाखाली सर्वांना एक मानणे हे तिचे तत्त्व. परंतु 1860 च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे उघड झाली आणि सभा विस्कळीत झाली. तत्त्व सामान्यनामात मांडता येते; त्याची किंमत मात्र विशेषनाम धारण करणाऱ्या व्यक्तीला मोजावी लागते, हे आपण येथे ध्यानात घ्यावे.

1852 साली दादोबा डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगरला आले. या सेवाकाळात भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. ज्या शहरात ते आले, त्याचे नावच आपल्या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. नगर हे मुळात सामान्यनाम. अहमद निजामशाहाने वसवलेले ते अहमदनगर. पुढे बोलण्यात पहिले पद गळून नुसते नगर उरले आणि तेच विशेषनाम झाले. 2024 साली चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावावरून अहिल्यानगर हे नाव आले. पूर्वपद बदलले, उत्तरपद तेच राहिले.

आता रूपे पाहा. कोणत्याही शहराविषयी बोलताना आपण नगराला, नगरात, नगराचा असे म्हणतो. या विशिष्ट शहराविषयी बोलताना मात्र नगरला, नगरमध्ये, नगरचा असे म्हणतो. सामान्यनामाच्या अंत्य अकाराचा आकार होतो, विशेषनामाचा होत नाही. मोठे अक्षर जे काम करते, ते येथे सामान्यरूप करते. हा नियम सर्व विशेषनामांना लागू नाही. रामाला, पुण्याला ही रूपे त्याची साक्ष देतात. म्हणून अर्थाची कसोटीही हवीच : नदी हा शब्द समान गुणधर्मामुळे अनेकींना लागतो, सीना हा शब्द एकाच नदीचा निर्देश करतो.

दादोबांचे निधन 1882 साली झाले. आज आपण शाळेपासून ज्या संज्ञा सहज वापरतो, त्यांच्यामागे अशा परिश्रमांची परंपरा आहे.

स्वाध्याय : आपल्या तालुक्यातील पाच गावांची नावे घ्या. त्यांना ला हा प्रत्यय लावून कोणत्या नावाचे सामान्यरूप होते व कोणत्या नावाचे होत नाही, ते लिहा.